पडद्याआडचा माईक

शिरूरच्या बाजारात अनिस शेखचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, दोन व्हीसीआर आणि भिंतभर कॅसेटी. नव्वदनंतर शिरूर ते दौंड या पट्ट्यात ज्यांची लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्यांच्या मुंडावळ्या, सेहरे आणि रुसलेले मामा त्याच्याच कॅमेऱ्यात सापडतील. माणूस कामाला चोख, जिभेला गोड. पण एक पाप तो वर्षानुवर्षं करत होता, आणि सगळेच शूटिंगवाले ते करत असल्यामुळे त्याला कुणी पाप म्हणत नव्हतं. लग्नात जे ऐकू यायचं, ते तो मूळ कॅसेटवरूनच पुसून टाकायचा.

खरं तर गिऱ्हाइकालाच ते नको असायचं. "कलकलाट काढा आन् गानी टाका," हे ॲडव्हान्सच्या आधीच सांगितलं जायचं. मग हळदीवर एक ठरलेलं सिनेमाचं गाणं, पाठवणीवर दुसरं. नवरी तोंड उघडून रडतेय आणि वर बासरी वाजतेय, असा तो प्रकार. लोक तेच कौतुकानं पुन्हा पुन्हा बघायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसे तिला कानही नसतात.

अनिसची आई गुलशन म्हणजे मुसलमानांच्या लग्नघरातली ढोलकी. मेहंदीच्या दिवशी ती आणि तिची धाकटी बहीण लुबना अशी जोडी बसायची. लुबनानं नवरीकडून नवऱ्याला नावं ठेवायची, गुलशननं नवऱ्याकडून उत्तर द्यायचं. नवऱ्याचं नाक असं का, चाल अशी का, मिशी अशी का, आणि प्रत्येकाला फटकन जवाब. बायका हसून हसून लोळायच्या. आपल्या लेकाच्या कॅमेऱ्याची मात्र गुलशनला फिकीर नव्हती. "पोटाला मिळतंय न्हवं, मंग टाक तुझी गानी," म्हणायची.

ती गेली. चाळिसावा झाल्यावर अनिसनं दुकानाचं शटर आतून ओढलं आणि कॅसेटी काढून बसला. काही घरांत बायकांच्या खोलीत दारातून क्षणभर कॅमेरा फिरवू देत. तशी आई त्याला इनामगावच्या एका लग्नात सापडली. हात ढोलकीवर पडतोय, मान डोलतेय, तोंड उघडतंय, आणि त्या तोंडातून कुणा सिनेमातल्या पुरुषाचं गाणं येतंय. त्यानं दुसरी लावली, तिसरी लावली. सगळीकडे तेच. आईचा आवाज त्यानं स्वतःच्या हातानं, मन लावून, कुठंही सांधा दिसू न देता पुसला होता. त्या दिवशी तो लहान पोरासारखा रडला.

मग एकच गोष्ट उरली, लुबना खाला. दोघी बहिणींचा गळा एकाच मातीचा. खालाचं गाणं नीट धरून ठेवलं, तर त्यात कुठं तरी आई ऐकू येईल, अशी वेडी आशा त्याच्या मनानं धरली. पण खालानं तेव्हापासून गाणंच सोडलं होतं. "आपा गेली. आता सवाल कुनाला करू, भिताडाला?" एवढंच ती बोलायची.

दोन वर्षांनी खालाच्या मुलीचं, सुफियाचं लग्न निघालं. खालाचे यजमान, म्हणजे खालू, रेल्वेत फिटर, त्यामुळे मांडव दौंडच्या रेल्वे क्वार्टरसमोर पडला. घरच्या मुलीच्या मेहंदीला गप्प बसणं खालालाही जड गेलं असावं. "म्हनंन एखादं," असं तिनं फोनवर कबूल केलं, आणि अनिस त्याच आठवड्यात पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन वेगळा स्टिरिओ माईक घेऊन आला. एका दांड्यावर दोन तोंडं, एक डावीकडचं ऐकणारं, एक उजवीकडचं, वर स्पंजची टोपी. त्याच्या छोट्या कॅमेऱ्याला स्वतःचा माईक होता, पण तो टेप फिरवणाऱ्या मोटारीच्या घरघरीसकट सगळा चिवडा करायचा. बाहेरच्या माईकची पिन लाल कड्याच्या भोकात घातली, की कॅमेऱ्याचे आपले कान बंद होतात आणि तो फक्त पाहुण्या कानांनी ऐकतो.

आता अडचण अशी, की मेहंदीच्या खोलीत पुरुषाला बंदी आणि कॅमेऱ्यालाही. अनिसनं तोड काढली. बायका जमायच्या आधी आत जाऊन त्यानं माईक स्टुलावर बसवला, उजवं तोंड खालाच्या गादीकडे केलं आणि डावं दाराकडे, कारण दाराजवळची जागा नेहमी आईची. माईकचा सेल नवा घातला, बटण चालू केलं, वायर पडद्याखालून ओढली आणि व्हरांड्यात तिवईवर कॅमेरा लावला. कानाला हेडफोन.

"काय रं अनिस, पडद्याचं लगीन लावतोस व्हय?" खालू म्हणाले.

आत गलका जमला. बांगड्या, कुणाचं तान्हं, लांब यार्डातून इंजिनाची शिट्टी. मग उजव्या कानात खालाचा आवाज उठला. तिनं नवऱ्याच्या नाकाचा सवाल टाकला आणि सवयीनं थांबली.

डाव्या कानात काहीच नव्हतं. उत्तर आतल्या प्रत्येक बाईला येत होतं, पण गुलशनची जागा घ्यायला कुणाची जीभ उचलली नाही. खालानं सवाल पुन्हा म्हटला. आता ती बंद पडणार, हे अनिसला तिच्या श्वासावरून कळलं.

दोन मुलांचा बाप, शिरूरचा नावाजलेला शूटिंगवाला, त्यानं रेल्वेच्या व्हरांड्यात उभं राहून बायकांच्या गाण्याचा जवाब दिला. पडद्याला तोंड लावून, हळूच.

आत हसू फुटलं. "अगं, हा तर अनिस," कुणी तरी म्हणालं. खालाचा आवाज खुलला. तिनं चालीचा सवाल टाकला. अनिसनं लहानपणापासून ऐकलं होतं तसं उत्तर दिलं, तशी खोली खदखदली. गडीमाणसाच्या आवाजाला हसताहेत, असं त्याला वाटलं. पण खाला मध्येच थांबली.

"मी चालीचं इचारलं, अनिस," ती म्हणाली. "तू मिशीचं सांगितलंस."

"असंच हाय की गानं, खाला."

"न्हाई रं. आपा चुकायची. दर लग्नात हितंच चुकायची, आन् म्या तिला कवा सांगितलं न्हाई."

उजव्या कानात खालानं घसा साफ केला.

"आता मिशीचं इचारते," ती म्हणाली. "आपा चालीचं सांगायची. तसंच सांग."

तिनं सवाल म्हटला. अनिसला जवाब तोंडपाठ होता, पण तो हेडफोन डाव्या कानावर दाबून आईच्या आवाजासाठी थांबला. खाला वाट बघत राहिली, टेप फिरत राहिली, आणि डाव्या कानात कुणीच बोललं नाही.