कॅरोलिन आणि बिल्डिंगचा डबा

कॅरोलिन हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. वसईची बाई, इथे आखातात हूऱ्यातल्या एका क्लिनिकात नर्स, आणि राहायला आमच्या खालच्या मजल्यावर. एकदा नाही म्हणाली की नाहीच.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक डबा फिरतो, बिस्किटांचा, निळा. सुट्टीवरून येताना जो तो चिवड्याबरोबर अँटिबायोटिकच्या पट्ट्या आणतो, कारण इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. कुणाला ताप आला की डबा त्याच्या घरी. दोन-तीन गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या आजाऱ्यासाठी ठेवून द्यायच्या. काटकसरी माणसं आम्ही! कॅरोलिनला तो डबा डोळ्यांसमोर नको असायचा.

जानेवारीत आमच्या ह्यांना, हेमचंद्रांना, ताप-खोकला झाला. हिद्दच्या प्लांटवर दुरुस्तीचा शटडाउन चालू होता, रजेचं नाव काढायची सोय नव्हती. क्लिनिकात शिरल्याशिरल्या हे डॉक्टर नुसरतना म्हणाले, "अँटिबायोटिक लिख दीजिए, खलास."

कॅरोलिनने ह्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मशीनला लावला. सीआरपी म्हणतात त्या टेस्टला. जंतूंचा मोठा संसर्ग असला की तिचा आकडा चढतो. ह्यांचा आकडा अगदी कमी आला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "वायरल है. आराम कीजिए. बुखार बढ़े या साँस फूले, तो फ़ौरन आइए."

एवढा ताप आणि औषध म्हणून आराम! माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी डबा काढला. तेवढ्यात कॅरोलिन शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच वर आली, डबा उचलला आणि मांडीवर घेऊन बसली.

"दे इकडे."

"नाही देणार, सुरेखाताई."

"तुझ्या मशीनला काय कळतंय?"

"मशीन एकटं नाही ठरवत. डॉक्टरनी छातीपण बघितली ना?" तिने डबा आणखी घट्ट धरला. "आमचा इलायस प्रत्येक सर्दीला हेच करायचा. दोन गोळ्या, तीन गोळ्या. जंतू त्या गोळ्यांना सरावले. मग किडनीला खरंच इन्फेक्शन झालं, तेव्हा एकपण औषध लागू पडलं नाही. भाऊ होता तो माझा."

"तुझा भाऊ गेला म्हणून माझ्या नवऱ्याला तापात ठेवणार तू?"

मी असं बोलले तरी तिने डबा सोडला नाही. "उद्या बघायला येते," एवढंच म्हणाली आणि डबा काखेत मारून खाली गेली.

आलीही. सकाळी ड्युटीच्या आधी, संध्याकाळी ड्युटीनंतर, हातात पेजेचं भांडं. मी तिच्याशी बोलत नव्हते. पेज मात्र घेत होते.

ताप उतरतोय असं वाटत असतानाच तो पुन्हा उसळला आणि हे बसल्या जागी धापा टाकायला लागले. कॅरोलिनने एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि गाडीची चावी उचलली. "यल्ला, दादा, उठा."

या वेळी आकडा भलताच चढला होता. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसला. ऑक्सिजन ठीक होता, म्हणून डॉक्टर नुसरतनी अँटिबायोटिक लिहून घरी सोडलं. मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "तेव्हा नको होतं, आता हवं? तेव्हाच दिलं असतं तर?"

"तेव्हा त्याचं काम नव्हतं, ताई. आज आहे." कॅरोलिनने माझ्या हातात औषधाचं कोरं पाकीट ठेवलं. "आणि पूर्ण कोर्स. एकपण गोळी उरवायची नाही."

त्यानंतर ती पेज घेऊन यायची, पण बोलायची नाही. सारखी थर्मामीटर बघायची. भीती मला एकटीला वाटतेय, अशी माझी समजूत होती.

मग एका सकाळी हे उठून बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरले. मी धावत कॅरोलिनला बोलावलं. तिने थर्मामीटर लावला, वाचला, पुन्हा लावला. मग आमच्या स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, तर ही सिंकला धरून रडत होती.

"अगं, काय झालं?"

"लागू पडली, ताई," ती म्हणाली. "गोळी लागू पडली."