फुईने मागितलेली भूल

फुईला हिंदी येत नव्हतं, हे फुई सोडून साऱ्या बुऱ्हाणपुराला माहीत होतं. मराठी वाक्याच्या शेपटीला ‘है’ बांधलं की झालं हिंदी, असा तिचा शेवटपर्यंत समज होता. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. राहायची जवळच्या दापोरा गावी, पण आई-वडील गेल्यावर बुधवारा पेठेतल्या आमच्या घराचं वडीलपण तिनं कुणाला न विचारता घेतलं. दारातूनच ओरडायची, “बापू, जेवला का? खोटं बोलू नको, तोंड उतरलंय!” मी ढेकर देत असलो तरी तोंड उतरलेलंच असे.

ते दिवस राज्यं जोडण्या-तोडण्याचे. आम्ही जागचे हललो नाही, पण आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या आणि दवाखान्यात जबलपूरकडचे तरुण डॉक्टर आले. फुई म्हणाली, “येऊ दे. हिंदीवाचून आपलं अडत नाही.”

अडलं ते माझ्या पोटापाशी. मी कळवळून दुमडलो, तशी फुई पांढरी पडली. फुवा, म्हणजे तिचे यजमान, असेच पोट धरून, शेक घेता घेता गेले होते. “त्यांचं तेवढंच होतं,” एवढंच ती त्याविषयी बोलायची. माझ्या वेळी मात्र तिनं शेकाची वीट चुलीतून काढून अंगणात भिरकावली. “टांगा आणा!”

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि आतडं पिकलंय, लगेच कापावं लागेल, म्हणाले. फुई तयारच होती. तिनं एवढंच विचारलं, “डाक्टरसाब, भूल रहेंगी ना?”

“कोई भूल नहीं होगी, माताजी.”

“जरा भी नहीं?”

“ज़रा भी नहीं. भरोसा रखिए.”

फुई आडवी झाली ती थेट ऑपरेशनच्या खोलीच्या दारात. “ऐसा जित्ता कापेंगे क्या पोरगे को? थोडी तो भूल करो, डाक्टरसाब!”

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला असावा. मी तेव्हा शाळेत हिंदी शिकवत होतो, हा घोळ एका वाक्यात सोडवू शकलो असतो. पण पोटात कळ असली की मास्तरालाही कुठलीच भाषा येत नाही. शेवटी इतवाऱ्यातला कंपाउंडर धावला. “फुई, ते चुकीला भूल म्हणतात!”

“मग आपल्या भुलीला काय म्हणतात?”

“बेहोशी.”

फुई उठली, पदर झटकला. “तो बेहोशी दो, और भूल मत करो!”

शुद्धीवर आलो तेव्हा कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटली ती मळमळ. पुढचे दिवसही अंग कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं पडून होतं. पेनिसिलिनच्या सुया टोचून घ्यायला कूस बदलायची, एवढंच माझं कर्तृत्व. कृतज्ञतेचं खातं फुईनं सांभाळलं. सलाइनच्या बाटलीला ती रोज हात जोडायची. “देव दिसत नाही, ही दिसते,” म्हणायची.

घरी जायच्या दिवशी तिनं डॉक्टरांसमोर केळ्यांची फणी ठेवली. हिंदी बोलायचा प्रयत्नही केला नाही. मला म्हणाली, “तू विचार. तुझे फुवा असेच गेले. तेव्हा असं कापणारं कुणी असतं, तर?”

मी विचारलं. डॉक्टरांनी केळी बाजूला सारली. मग म्हणाले, “बच जाते, माताजी.”

उत्तर फिरवून सांगावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण एवढं हिंदी फुईलाही येत होतं.

टांग्यात माझे टाके ओढत होते. आपण जगलो, हे कळत होतं; त्याचं काही वाटत मात्र नव्हतं. तिच्याकडे पाहवेना.

“फुई, रडून घे.”

“कुणासाठी? तुझ्यासाठी आता कारण नाही. अन् त्यांच्यासाठी रडून झालंय.”

मग पुढं वाकून टांगेवाल्याला म्हणाली, “हळू हाक रे भाऊ. याचे टाके ओले आहेत.”