दवाखान्याच्या वाटेवरचा भाऊ

"जा म्हणतेस, पण जाऊ कुठून? आभाळातून?" वेरलिनने हातातलं रताळं टोपलीत आदळलं.

"वाटेनं. सगळ्या बायका जातात तशी," नेस्टा म्हणाली.

"सगळ्या बायकांचे भाऊ दवाखान्यासमोर होडी तासत बसलेत का?"

"समोर नाही गं, झाडाखाली."

"मग काय, डोळे मिटून तासतोय?"

नेस्टाला हसू आलं, तशी वेरलिन आणखीच भडकली. चाळिशीची बाई, चार मुलांची आई. पण थोरल्या बहिणीशी भांडताना अजून सात वर्षांची व्हायची.

दोन आठवड्यांपूर्वी वेरलिनने दिलेल्या नमुन्यात एक विषाणू सापडला होता. कॅन्सर नव्हे, पण तसाच राहू दिला तर पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकेल असा. आज नर्स होडीने आली होती, बरोबर टॉर्चएवढं यंत्र. व्हिनेगर लावून बघायचं, पांढरा डाग दिसला तर तापल्या टोकानं तिथल्या तिथे जाळायचा, अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम. दुपारच्या भरतीला होडी परत. पुढची खेप इंधन मिळेल तेव्हा.

आज कसली तपासणी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आणि मलाइता बेटाच्या या किनाऱ्यावर बहिणीच्या अंगातली गोष्ट भावाला कळणं म्हणजे दोघांचीही मान खाली. गेल्या वर्षी शहरातून आलेल्या एका पोरसवदा नर्सने रविवारी चर्चमध्ये, भरल्या बाकांपुढे, तपासणीच्या बायकांची यादी वाचून दाखवली. पाचव्या नावापर्यंत बायका बाजूच्या दाराने पसार! भावांची समजूत काढायला बिचारीला रिवाजाप्रमाणे भरपाई म्हणून एक डुक्कर द्यावं लागलं. दवाखान्यात महिनाभर चिटपाखरू फिरकलं नाही.

मग नेस्टाने काम आपल्या हातात घेतलं. ती दवाखान्यात झाडलोट करायची, शिकलेली जेमतेम. पण बायकांच्या ओढ्यावर पुरुष पाऊल टाकत नाहीत, एवढं तिला पुरेसं होतं. टोपलीत कापसाच्या काड्या, वर अळूची पानं. एकेकीने केवड्याच्या झुडपाआड जायचं, आपला नमुना आपणच घ्यायचा.

"काडी किती आत घालायची गं?" कुणी विचारलं, की ती म्हणायची, "चार पोरं बाहेर आली ना? मग ती वाट मी तुला दाखवू?" ओढा हसण्याने भरून जायचा. त्या वर्षात बासष्ट बायकांनी काड्या भरून दिल्या.

सहा वर्षांपूर्वी तिचा स्वतःचा डाग असाच जाळला होता. त्याच संध्याकाळी तिने घरी येऊन नारळाच्या दुधात अळकुड्या शिजवल्या होत्या. तेव्हापासून तिची सकाळची प्रार्थना लांबतच गेली. कापसाबद्दल आभार, इंधनाबद्दल आभार, नर्सचा हात थरथरत नाही त्याबद्दलही. जावई म्हणायचा, "आई, देवाला दुसरीही कामं असतात." ती म्हणायची, "असू देत की, माझं ऐकत ऐकत करील."

आईच्या वाट्याला हे आलं नव्हतं. आई मागच्या झोपडीत वर्षभर रक्तस्रावाने झिजली आणि भावाला, माएलालोला, बायकांनी सांगितलं, "पोट दुखतंय." तो बिचारा शहरातून पोटाची औषधं आणत राहिला. शेवटपर्यंत.

"ताई, मला मरायचं नाहीये," वेरलिन अचानक हळू आवाजात म्हणाली. "पण दादाच्या समोरून त्या दारात मी नाही शिरणार."

नेस्टा उठली, लुंगीला हात पुसले आणि थेट झाडाखाली गेली. माएलालो खोडावर वाकलेला, तीन सोबती सुपारी चघळत बसलेले.

"दादा, खडकापलीकडे कुपे मासे उसळताहेत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पक्षी घिरट्या घालताहेत."

माएलालोने मान वर केली. आभाळ रिकामं होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं. मग दवाखान्याच्या बाकाकडे, जिथे दोन बायका पाठमोऱ्या बसल्या होत्या. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे वेरलिन हात धुऊन उभी होती. त्याची नजर जाताच ती आत सरकली.

त्याने डोळे खाली वळवले. बराच वेळ अवजाराच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"आपली होडी तर अजून अर्धीच आहे," एक सोबती म्हणाला.

"माझ्या जावयाची घ्या," नेस्टा घाईने म्हणाली. आभार मानायचे होते, पण कशाचे मानतेय हे सांगता येणार नव्हतं. "आणि दादा, कुपे असले नसले तरी... भरतीपर्यंत परतायची घाई करू नकोस."

माएलालोने अवजार खोडात रोवलं, वल्हं खांद्यावर घेतलं आणि समुद्राकडे चालू लागला.