पंखा दुसऱ्यांदा फिरेपर्यंत

मंगळवारी दुपारी, आशागडला माहेरी, बाळाला पाजून जरा आडवी झाले होते... तेवढ्यात विलासचा फोन. "कल्पू, मी चारोटीजवळ आहे, हायवेला. येतेस?"

मला वाटलं चेष्टा करतोय. माझा नवरा सैन्यात गाड्यांचा मेकॅनिक आहे. आमची मुलगी झाली तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती. दोन महिने होत आले, त्याने तिला फक्त मोबाईलवर बघितलेलं... तेही नेटवर्क असेल तेवढंच.

झालं असं, की त्यांच्या गाड्यांचा ताफा हायवेने चालला होता (कुठून कुठे, ते नाही लिहीत) आणि एका ट्रकचं इंजिन तापलं. ताफा पुढे गेला, तो ट्रक आणि विलासची दुरुस्तीची गाडी तेवढी मागे थांबली. इंजिन गार होईपर्यंत हात लावता येत नाही, म्हणून त्याने सोबत थांबलेल्या सुभेदार साहेबांना विचारून फोन केला होता. "काम झालं की लगेच निघणार. बघ, जमलं तर..."

आई आधी नाहीच म्हणाली. "एवढ्याशा पोरीला उन्हातान्हात, हायवेवर? काहीतरीच!" आणि बोलता बोलता तीच टोपडं बांधत होती, काजळाची तीट लावत होती.

बाबा डहाणू स्टेशनला रिक्षा चालवतात. त्यांना एवढं सावकाश चालवताना मी कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला वळून विचारत होते, "झोपलीय ना?" मला मात्र वाटत होतं, पळवा ना जरा... ट्रक निघून गेला तर?

नव्हता गेला. उभा होता, पुढून उघडलेला, आणि विलास कमरेपर्यंत इंजिनात. मी हाक मारली. त्याने मान वळवली, आमच्याकडे बघितलं... आणि जागचा हलेना.

"अगं, मला हलता येत नाही!"

बिघडलेला स्विच काढून झाला होता आणि त्या भोकावर त्याने अंगठा दाबून धरला होता. हिरवं पाणी पार कोपरापर्यंत ओघळत होतं. अंगठा काढला असता तर रेडिएटरचं सगळं पाणी रस्त्यावर.

बापाने लेकीला पहिल्यांदा पाहिलं ते असं... लांबून, मान वाकडी करून. मी बाळाला जरा उंच धरलं. तो नुसता बघत राहिला. ड्रायव्हरने नवा स्विच हातात कोंबला तेव्हा कुठे भानावर आला.

मग मी शेजारी उभी, आणि हा काम करता करता मला स्विच समजावून सांगतोय! पाणी तापलं की हा स्विच पंखा चालू करतो. तोच गेला, म्हणून पंखा फिरलाच नाही. वायर डायरेक्ट जोडली तर फिरला, म्हणजे दोष स्विचचाच...

इतक्या दिवसांनी भेटलेला नवरा, सांगण्यासारखं कितीतरी... पण सासऱ्यासमोर, साहेबांसमोर लाजून हा तेवढंच बोलत होता. मी पण "हं, हं" करत होते.

स्विच बसला, पाणी भरून झालं. साबणाने कितीही घासले तरी हात काळे ते काळेच. "नको गं, घाण आहेत," म्हणत तो मागे सरकला. शेवटी बाबाच म्हणाले, "विलासराव, बाही वर करा आणि हात लांब धरा. मी ठेवतो." आणि त्यांनी नातीला अलगद त्याच्या कोपराच्या बेचक्यात ठेवलं.

इंजिन चालू झालं. पाणी तापून पंखा आपोआप फिरतोय ना, तेवढंच बघायचं राहिलं होतं. ड्रायव्हर काट्याकडे बघत बसला, आम्ही जरा लांब झाडाच्या सावलीत.

थोड्या वेळाने पंखा घरघरला. ड्रायव्हर ओरडला, "चल गया!" झालं काम... विलास बाळाला माझ्याकडे द्यायला वळला.

सुभेदार साहेब टपरीपाशी चहा घेत उभे होते. उंच, पिकलेल्या मिशांचे. तिथूनच म्हणाले, "एक बार चलने से क्या होता है? ठंडा होकर बंद हो, फिर से चले, तब मानूँगा." आणि बाबांना बोलावून घेऊन आणखी दोन चहा सांगितले.

विलास माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "एकदा फिरला की निघतो आम्ही नेहमी..."

मग स्विचबद्दल एक अक्षर नाही. "नाक माझं आहे गं हिचं," म्हणाला. तेवढ्यात तिने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि भलीमोठी जांभई दिली. तो हसला, आणि हसता हसता रडायलाच लागला. हात गुंतलेले, म्हणून मीच ओढणीने त्याचं तोंड पुसलं.

पंखा बंद झाला. पुन्हा फिरला. आता मात्र निघायलाच हवं होतं.

गाडीत चढण्याआधी साहेब जवळ आले. बाळाच्या तळव्याला हळूच एक बोट लावलं. म्हणाले, "मेरी वाली को मैंने पहली बार देखा, तब वो चलने लगी थी." एवढंच बोलून वर चढले.

संध्याकाळी विलासचा मेसेज आला... पोचलो, गाडी कुठेच तापली नाही.

साहेबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही जिथे असाल तिथे सुखरूप राहा साहेब... आणि तुमची लेकही.