फेसवाले सर

फेसवाले सर माणसाचा चेहरा आधी बघत नसत, हात बघत. आठवीच्या पहिल्याच तासाला त्यांनी आम्हा सगळ्यांना तळहात बाकावर उताणे ठेवायला लावले आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून, वाकून वाकून ते बघत बाकांमधून फिरू लागले. उंच, वाळका माणूस, पायांचा आवाज नाही. माझी शेजारीण कुजबुजली, "भविष्य बघतात वाटतं." सरांचे कान तिखट. "भविष्य नाही गं," ते म्हणाले, "खरचटलंय कुठं ते बघतो." आम्ही हात गुपचूप मिटून घेतले.

फेसाचा प्रयोग हल्ली कुणीही मोबाइलवर बघतो. त्यात रंग टाकतात, गाणं लावतात, फेस उसळला की पोरं किंचाळतात. सरांच्या फेसाला रंग नसे. ते प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेत, पंखा बंद करत. काचेच्या उंच मोजपात्रात हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात थोडं साबणाचं पाणी. दिसायला सगळं साधं, निरुपद्रवी. मग एका पत्र्याच्या डबीतून चिमूटभर काळी पूड. क्षणभर काहीच होत नसे. मग आत कुणीतरी दडलेला श्वास सोडावा तसा आवाज येई आणि पांढरा फेस वर चढू लागे, काठावरून ओघळे, वाफाळत टेबलावरून आमच्या दिशेने सरके. पुढच्या बाकावरची पोरं मागे रेलायची. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचत नसे. सर हळूच म्हणत, "पुडीनं बाहेरून काही आणलं नाही. आत होतं तेच बाहेर काढलं."

प्रयोग संपला की आम्ही सुटायचो, सरांचं काम मात्र सुरू व्हायचं. सगळं द्रावण ते गाळणकागदातून गाळत, काळी पूड धुऊन वाळवत आणि परत डबीत भरत. नोकरीला लागल्यापासून तीच पूड वापरतोय, असं सांगत. "उत्प्रेरक म्हणतात तो हा. दुसऱ्याला उकळी आणतो आणि स्वतः होता तसाच राहतो. माणसांतही असतात असे." आमच्या डोळ्यांपुढे आमचे उपमुख्याध्यापक आले आणि आम्ही खुसखुसलो. सर हसले नाहीत.

खरा प्रयोग त्यानंतर. मेडिकलच्या दुकानात जखम धुवायला मिळतं ते पातळ पेरॉक्साइड घेऊन सर प्रत्येकाच्या हातावर थेंब टाकत. कुणाचं नखाजवळ सोललेलं, कुणाचा मांजाने कापलेला, कुणी डास चावलेला खाजवून ठेवलेला. तिथे तिथे बारीक पांढरा फेस धरायचा. फाटलेल्या कातडीतून रक्त आणि पेशी उघड्या पडतात, त्यांच्यातही असाच एक उत्प्रेरक असतो, हे ते समजावून सांगत. पण सांगताना नजर हातांवर. "तुला आला? तुलाही आला. बघा, हिलाही." गैरहजर असलेल्यांना ते दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गाठून थेंब टाकत. एकदा कुणीतरी म्हणालं, "सर, चार जणांचं बघितलं, बास की." सरांचा आवाज एकदम उतरला. "एकाचं बघून थांबायचं नाही. कधीच नाही." माणूस जरा चक्रम आहे, असं आमचं सर्वांचं मत पडलं.

औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्यांत सर राहत. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची माय. दहावीला असताना अडलेली उदाहरणं घेऊन आम्ही पोरंपोरी तिथे जायचो. माय बारीक चणीची, बोलायला गोड, पण दोन्ही हात कायम पदरात गुंडाळलेले. पदरातूनच ती चहाचा कप धरायची, उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरकायची. "खालून उचल, पोरी. माझ्या हातून नको घेऊ."

एकदा मी एकटीच लवकर पोचले. म्हातारीला कशाला वाकायला लावायचं म्हणून मी पुढे होऊन कप तिच्या हातातूनच घेतला. पदर सरकला, तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिने हात असा ओढला की चहा माझ्या पायावर सांडला. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी रडकुंडीला आले. तेव्हा सरांनी सांगितलं.

गंगापूरकडचं त्यांचं गाव. कापूस वेचणीचे दिवस. शेजारचं लेकरू तापाने फणफणलं होतं आणि माय त्याच्या उशाशी बसून होती. कुणीतरी भगत आणला. त्याने बाटलीतलं पाणी, म्हणजे हेच पेरॉक्साइड, दाखवून सांगितलं, जिच्या हातावर हे उकळेल तिची नजर लेकराला लागली. बायका पारावर जमल्या. बोंडांच्या वाळक्या टोकांनी सगळ्यांचीच बोटं फाटलेली. लेकरू लवकर बरं व्हावं या घाईने माय आपण होऊन पहिली पुढे गेली. तिच्या हातावर पाणी उकळलं. "दुसरीच्या हातावर थेंब पडलाच नाही," सर म्हणाले. "तिथंच थांबले सगळे." लेकरू वाचलं. पण मायच्या हातचं पाणी गावात कुणी प्यायलं नाही.

आणि माय? तिलाही ते पटलं होतं. सरांनी स्वतःच्या हातावर किती वेळा फेस काढून दाखवला, तर म्हणायची, "तू माझ्याच पोटचा. माझंच उतरलं आसंल तुज्यात." सून नको, नातवंडं नकोत, कुणाचं तरी वाईट होईल, हे तिचंच म्हणणं. आपला हात मात्र तिने कधी पुढे केला नाही.

त्या दिवशी सरांना काय वाटलं कोण जाणे. माझं बोट कंपासने टोचलेलं त्यांनी पाहिलं होतं. "ये गं," म्हणाले, आणि मला मायसमोर उभं केलं. "माय, ही शेंद्र्याची. आपल्या नात्यागोत्याची नाय. आता बघ." थेंब पडला, बोटावर फेस आला. मायने वाकून ते बोट जवळून पाहिलं. मला वाटलं, सुटली बिचारी. मग तिने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांतली भीती मी विसरणार नाही.

"मघाशी तू मला शिवली ना, पोरी?"

सरांनी बाटलीचं बूच लावलं. मी शेंद्र्याच्या बसमध्ये बसले ती हात मांडीवर उताणा ठेवून, कुणाला लागू नये असा. फेस का येतो ते मला पाठ होतं. तरीही घरी जाऊन मी हात साबणाने धुतला, पुन्हा धुतला, आणि धाकट्या भावाला त्या दिवशी जवळ घेतलं नाही.

पुढे मी शिकले, शेंद्र्यातल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. सर निवृत्त झाले. एका रविवारी त्यांचा फोन आला. "येतेस का? माय बोलावतेय."

माय अंथरुणाला खिळली होती. दोन्ही हात चादरीवर उघडे. ते तसे मी पहिल्यांदाच पाहत होते. इतकी वर्षं शेताचा स्पर्श नसलेले, मऊ, कुठे ओरखडा नाही. "आता बघ येकदा," ती सरांना म्हणाली. "हाय का गेलं ते. तसंच घिऊन जायाचं का मला?"

सरांनी तळहातावर थेंब टाकला. थेंब तसाच राहिला, स्वच्छ, गप्प. जखम नाही म्हणून फेस नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं आणि सरांना तर माझ्याआधी कळलेलं.

"गेलं का रं?"

सर तिच्या हाताकडे बघत होते. "गेलं, माय."

"कवा?"

"लई दिस झाले. आपल्यालाच कळलं नाय."

मायने हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग मला खुणेने खाली वाकवलं आणि तो ओला तळहात माझ्या गालावर ठेवला. "मग हिचं बी गेलं आसंल."

"व्हय," सर म्हणाले.

जिन्यापर्यंत ते मला सोडायला आले. "जन्मभर त्या भगताला खोटं पाडत आलो," म्हणाले, "आणि शेवटी त्याचीच भाषा बोललो. पोरांना सांगू नको हे." मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांनी पाठ फिरवली होती. त्याच आठवड्यात माय गेली.

सर होते तोवर मी कुणाला सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात तेही गेले आणि ती पत्र्याची डबी माझ्याकडे आली. यंदा शाळेने मला तोच प्रयोग दाखवायला बोलावलं. मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. पूड चिमूटभर टाकली आणि तोच श्वास सुटला. "आत होतं तेच बाहेर काढलं," मी सरांसारखंच म्हणाले. मग सगळ्यांच्या हातांवर थेंब टाकत गेले, एकालाही न सोडता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीच्या हातावर काहीच झालं नाही. तिने तळहात माझ्यापुढे धरून हळूच विचारलं, "मॅडम, माझं गेलं का?"

जखम नाही म्हणून फेस नाही, हे उत्तर मला येत होतं. तोंडातून ते बाहेर पडायला मात्र फार वेळ लागला.