खाली बसून ऐकणारा माणूस

"तुमी वर बसा. मी खाली बसतो. हं, आता बोला."

अकोल्यात आमच्या भागात काकाजींचं हे बोलणं ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. त्यांची दालमिल होती. दर शनिवारी सकाळी ते आपली गोल फिरणारी खुर्ची ऑफिसच्या ओसरीत ओढून आणत आणि ज्याला काही सांगायचं असेल त्याला तिच्यात बसवत. स्वतः एक बुटकं लाकडी पिढं पायानं जवळ ओढायचे, इस्त्रीची पांढरी पँट गुडघ्यावर जरा वर घ्यायचे आणि त्यावर बसायचे. मोबाइल जमिनीवर उपडा ठेवायचे. मग मान वर. पोत्यांच्या धुळीनं माखलेला हमाल मालकाच्या खुर्चीत, अन् मालक त्याच्या गुडघ्यापाशी. तुम्ही पाहिलं असतं तर तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या आलं होतं.

आमच्या दोन घरांमध्ये एकच कंपाउंडची भिंत होती. शिवाय माझं पापडाचं काम. उडदाची डाळ आणि मुगाचा मोगर, म्हणजे सालं काढलेली डाळ, मी त्यांच्याच मिलमधून घ्यायची. पहिल्यांदा मोगरात खडे निघाले म्हणून भांडायला गेले, तर मलाही त्या खुर्चीत बसवलं. मला कुठं माहीत ती फिरते म्हणून! मी टेकले आणि गर्रकन भिंतीकडे तोंड झालं. काकाजी खालून म्हणाले, "ताई, खडे माह्या डाळीत निघाले, भिंतीले काहून झापून राहिल्या?" सगळी ओसरी हसली, मीही हसले. पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही "पण" म्हटलं नाही, आणि माल बदलून दिला.

हळूहळू ही गोष्ट बाहेर पसरली. व्यापाऱ्यांच्या मंडळानं बोलावलं, मग कॉलेजांनी, मग बचतगटाच्या बायांनी. अमरावती, चांदूर बाजार, चांदूर रेल्वे, कुठून कुठून निमंत्रणं. गाडीच्या डिकीत पिढं घालून काकाजी जायचे. स्टेजवर पिढं मांडलं की टाळ्या सुरू. "मोठेपण उंच बसण्यात नाही," ते सांगत, "रागावलेल्या माणसाकडे पयलं पाऊल आपलं पडलं पायजे."

आणि सल्ला खरा होता हो. माझ्याकडे लाटायला येणारी एक बाई रोज अर्धा घाणा टाकून निघून जायची. मी रोज टोमणे मारायची. काकाजींचं ऐकून एक दिवस तिला खाटेवर बसवलं, मी खाली बसले आणि म्हटलं, बोल. तर काय, त्याच वेळी तिच्या गल्लीत नळ येतो, एवढंच! मी कामाची वेळ बदलली. ती बाई नंतर माझ्याकडे असेपर्यंत सगळ्यांत आधी यायची. एवढी साधी गोष्ट मला इतके दिवस कळली नव्हती.

मिलमध्ये मशीनवर सलीमभाई होते. तुरीचा हंगाम ऐन भरात, आणि चांदूर बाजारहून निरोप आला की अम्मी सीरियस आहे. त्या दिवसांत मशीनवाला सोडायचा म्हणजे मिल बंदच ठेवायची. काकाजी पिढ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मशीन पुन्हा चालू होते सलीम, माय पुन्हा भेटत नाही. जा." वर स्वतःची गाडी दिली. सलीमभाई परत आल्यावर मला सांगत होते, "भाभी, अम्मी ने आँख खोल के देखा मेरे को. ये आदमी नहीं रहता, तो मैं मिट्टी को ही पहुँचता था."

काकाजींचं ते वाक्य पुढे फार गाजलं. त्यांच्या प्रत्येक भाषणात आलं, लोकांनी मोबाइलवर टाकलं. आणि ते नाटक नव्हतं, हे मी आजही सांगीन. नाटक असतं तर माझं तोंड आज इतकं कडू झालं नसतं.

आता घरचं सांगते.

काकाजींच्या मंडळींना मी वयनी म्हणायची. भिंतीला लागून त्यांचं स्वयंपाकघर, त्यामुळे आमचं बोलणं खिडकीतून. मूळच्या दर्यापूरच्या, गोऱ्या, ठेंगण्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला हसवून पाडायच्या. पण काकाजी घरात आले की त्यांचा आवाज बंद. ते ओरडत नसत, कधी हात उगारला नाही, ताट फेकलं नाही. फक्त टेबलाशी बसत, मोबाइल सरळ ठेवत, आणि वयनींनी तोंड उघडलं की हात वर करत. "डोकं मिलमधे खर्च झालं. घरी शांती पायजे."

वयनी मला म्हणायच्या, "मिक्सर लावला का बोलून घ्या लागते, बाई. निदान मनाले सांगता येते, मिक्सरच्या आवाजात ऐकू नाही गेलं म्हणून."

ते पिढंही त्यांचंच. लग्नात त्यांच्या मायनं दिलेलं, घरच्या शेतातल्या बाभळीचं. त्यावर बसून त्या पोळ्या लाटायच्या. काकाजींनी एक दिवस उचलून मिलमध्ये नेलं. विचारलं असं नाही. वयनी मग ओट्याशी उभ्यानं लाटायला लागल्या. पुढे गुडघे गेले, तेव्हा एकदा म्हणाल्या, "पिढं कामाले लागलं, चांगलं झालं. त्याच्यावर बसून कोणाचं तरी ऐकणं होते."

दर्यापूरला जायचं मात्र बंद झालं होतं. कारण ऐकाल तर हसाल. वयनींच्या भावाच्या पोरीचं लग्न. मांडवात जावयांना टोपी-दुपट्टा देताना कोणीतरी माइकवर धाकट्या जावयाचं नाव आधी पुकारलं. बस्स. काकाजी जेवलेच नाहीत, वयनींना गाडीत बसवून परत आले. "आता तुह्या भावानं येऊन माफी मांगल्याशिवाय त्या दारात पाय नाही ठेवाचा. माहाही नाही अन् तुहाही." भाऊ फोनवर माफी मागायला तयार होता, पण फोन कोण घेतो? काकाजींना तो घरी यायला हवा होता. आणि भाऊही त्यांच्याच मातीचा, तोही अडून बसला. त्याच आठवड्यात काकाजी अमरावतीला "पयलं पाऊल आपलं" सांगून आले. मी पुढच्या रांगेत होते, टाळ्या मीही वाजवल्या. तोवर मला लग्नातलं काही माहीत नव्हतं.

मग दर्यापूरहून कळलं की वयनींच्या मायनं अंथरूण धरलं. म्हातारी पोरीचं नाव घेते, जेवत नाही. वयनींनी टेबलाशी उभं राहून सांगितलं, हात वर झाला. ताटात पोळी वाढताना सांगितलं, ताट बाजूला सरकलं. मी खिडकीतून सगळं ऐकत होते.

त्या शनिवारी मी मोगर आणायला मिलमध्ये गेले होते. ओसरीतल्या बाकावर नेहमीची माणसं नंबर लावून बसलेली, आणि त्यांच्यात सगळ्यांत शेवटी वयनी. ठेवणीतलं लुगडं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. शेजारचा हमाल बिचारा अंग चोरून बाकाच्या कडेला गेलेला. सलीमभाई ऑफिसच्या दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांनाही काय करावं कळेना.

काकाजींचं लक्ष नव्हतं. डाळ चाळणाऱ्या एका पोरीनं बहिणीच्या डोहाळजेवणासाठी सुट्टी मागितली, त्यांनी दिली. आणखी एकानं पगार आगाऊ मागितला, तोही मिळाला. मग वयनी उठल्या आणि खुर्चीत बसल्या. फार जपून बसल्या, ती फिरू नये म्हणून. काकाजी मोबाइल उपडा करत होते. सवयीनं, खाली पाहतच म्हणाले, "हं, आता बोला."

मग मान वर झाली.

"मले सुट्टी पायजे," वयनी म्हणाल्या. "माय बिमार हाये, दर्यापूरले."

आत मशीनची घरघर चालू होती. काकाजींचा चेहरा क्षणभर हलला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतात. जिभेवरच तर आहे यांच्या ते वाक्य. सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे.

काकाजी हसले. बाकाकडे वळून म्हणाले, "पाहा रे, आता घरचे बी युनियनमधे गेले!"

मालक हसले म्हणून बाक हसला. सलीमभाई तेवढे हसले नाहीत. काकाजी हळू आवाजात म्हणाले, "घरी बोलू. जाय."

"घरी तुमी बोलत नाही, म्हणून तं इथं आली," वयनी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.

"घरी जाय म्हटलं ना."

त्या उठल्या. खुर्ची आपोआप थोडी फिरली. काकाजींनी पायानं पिढं नीट केलं आणि म्हणाले, "कोण हाये पुढचा?"

रस्त्यानं मी म्हटलं, "वयनी, चला. आपण दोघीच जाऊ. काळीपिवळी मिळेल चौकात, जेवणाच्या वेळेला पोचू." दर्यापूर काय लंकेत आहे? सलीमभाई मागून सायकल ढकलत आले, तेही म्हणाले, "भाभीजी, मैं छोड के आता. काकाजी को जो बोलना मेरे को बोलेंगे."

वयनी थांबल्या. "साऱ्या दुनियेले हो म्हणतात हे. मले एकडाव म्हणू द्या ना. अशी चोरून गेली तं मायले काय सांगू, पळून आली म्हणून?"

मला तेव्हा राग आला त्यांचा. आता येत नाही. त्यांना नुसतं दर्यापूरला जायचं नव्हतं, त्यांना त्या खुर्चीत बसलेलं माणूस व्हायचं होतं, एकदा.

पुढचा शनिवार यायच्या आतच दर्यापूरहून फोन आला. म्हातारी गेली.

मातीला मात्र काकाजी स्वतः वयनींना घेऊन गेले. आता मान-अपमान आडवा आला नाही. चार लोकांत खांदा दिला, मेहुण्याच्या पाठीवर हात फिरवला, मिल एक दिवस बंद ठेवली. वयनींनी मायचं तोंड पाहिलं, पण मायनं त्यांचं पाहिलं नाही. परत आल्यावर त्या खिडकीशी येईनाशा झाल्या. मिक्सर चालू व्हायचा, पण त्याच्या आवाजाखाली आता काही ऐकू यायचं नाही.

नंतर मी मुलाकडे अमरावतीला राहायला आले. इथेही पापडाचं काम जमवलं, पोरीबाळी येतात. अशातच काकाजींचं व्याख्यान ठरलं, मोठ्या हॉलमध्ये. वयनीही सोबत आल्या होत्या. आता त्यांना कार्यक्रमाला आणत, पहिल्या रांगेत बसवत. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

काकाजी रंगात आले होते. त्यांनी पिढं वर उचलून दाखवलं. "हे माझ्या सासूबाईंनी दिलेलं. त्या गेल्या, तेव्हा ऐन हंगामात मी मिल बंद ठेवली. काहून? कारण मशीन पुन्हा चालू होते..." आणि हात पुढे केला. साऱ्या हॉलनं वाक्य पूर्ण केलं, "माय पुन्हा भेटत नाही!" टाळ्याच टाळ्या.

शेवटी त्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुढे ओढली, आपण पिढ्यावर बसले, मान वर केली. "कोणाले काही सांगाचं असन तं या. बोला. मी ऐकून राहिलो." कोणी उठलं नाही. मी वयनींकडे पाहिलं. त्या समोर पाहत होत्या, रिकाम्या खुर्चीकडे. काकाजींनी थोडी वाट पाहिली आणि हसून म्हणाले, "म्हणजे माह्याबद्दल कोणाची तक्रारच नाही तं!" पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर मुलाशी माझं वाजलं. तो म्हणाला, "आई, सल्ला पाहा. माणूस कसा आहे घरी, त्याच्याशी आपल्याला काय करायचं? तुझं काम तर सुधारलं ना?" सुधारलं रे बाबा, नाही कोण म्हणतं? सल्ला चुकीचा असता तर मी काकाजींना माफही केलं असतं. म्हटलं असतं, माणसाला कळत नव्हतं. पण यांना कळत होतं. समोरच्याला खुर्ची दिली की त्याचा जीव किती हलका होतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. आणि तरी घरातल्या एका माणसाला त्यांनी ती खुर्ची दिली नाही. तेव्हापासून माझ्याकडची एखादी पोरगी माय आजारी आहे म्हणून सुट्टी मागते, तेव्हा ते वाक्य जिभेवर येतं, पण मी म्हणत नाही. मी नुसतं "जा" म्हणते.

काकाजी आता नाहीत. हार्टनं गेले, अचानक. भाषणं त्यांची अजून मोबाइलवर फिरतात. मी अकोल्याला वयनींना भेटायला गेले, तेव्हा मिलमध्येही डोकावले. सलीमभाईंनी ऑफिस दाखवलं. फोटोला हार, आणि खाली काचेच्या पेटीत ते पिढं, आतून बारीक दिवा लावलेला. आता त्यावर कोणी बसत नाही, आणि शनिवारची बैठकही बंद झाली.

वयनी स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, "वयनी, पिढं तुमच्या मायचं आहे. मागून घ्या ना. मी बोलू का मिलमध्ये?"

"राहू द्या, बाई," त्या शेंगेतला दाणा काढत म्हणाल्या. "तिथं काही मांगाचं असलं का नंबर लावा लागते. माहा नंबर लागून गेला एकडाव."