वडिलांचा विरोध होता का?

"आणि ह्या आपल्या धुळ्याच्या ताई. मुस्लिम असूनही इतकं सुंदर मराठी लिहितात! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत."

झाल्या. जोरदारच झाल्या.

जळगावातलं एक सभागृह. ब्लॉग लिहिणाऱ्या तरुणांचा मेळावा. मंचावर आम्ही चौघं. माझ्याआधी तिघांची ओळख करून दिली होती. एक जण शेतीच्या अर्थकारणावर लिहितो. दुसरा सिनेमावर. तिसरा सौरभ, 'इतिहास आणि चालू घडामोडींचे मर्मज्ञ भाष्यकार'. मीही इतिहास आणि चालू घडामोडींवरच लिहिते. पण माझ्या ओळखीत विषयच नव्हता. मी कशावर लिहिते, काय म्हणते, कुणाशी भांडते, काही नाही. मी मराठीत लिहिते, एवढंच. जणू सर्कशीत अस्वलानं सायकल चालवली.

ज्या भाषेत मी पहिलं अक्षर गिरवलं त्या भाषेसाठी मला टाळ्या. धुळ्याच्या मराठी शाळेत मी दहावीपर्यंत शिकले. मैत्रिणींशी भांडले ते मराठीत. आणि इथे मी पाहुणी.

मी हसले. हात जोडले. शेजारी बघितलं. सौरभ टाळ्या वाजवत होता. मनापासून. तेच जास्त लागलं.

सौरभवर मी जळायचे. हे आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. त्याला प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते तेव्हापासून जळायचे. तो जळगावचा. वडील डॉक्टर, आजोबा कॉलेजात प्राध्यापक होते. त्याच्या ब्लॉगवरच्या फोटोत मागे पुस्तकांनी भरलेली भिंत. माझ्या मागे अब्बांचं शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांच्या कापून ठेवलेल्या बाह्या. अब्बा शिंपीकाम करतात. घर आणि दुकान एकाच खोलीत. मी फोन तिरका धरून बघायचे, उभा धरून बघायचे. कसाही धरला तरी बाह्या यायच्याच.

पण भिंतीवर मी जळायचे नाही. मी जळायचे ते त्याच्या दोन शब्दांवर. 'मला वाटतं.'

त्याची प्रत्येक पोस्ट तिथूनच सुरू व्हायची. मला वाटतं, या निवडणुकीत असं होईल. मला वाटतं, शिवकाळाकडे आपण असं बघायला हवं. त्याला वाटायचं आणि लोक वाचायचे. कधी चुकायचा. एकदा एका लढाईतल्या दोन सरदारांची नावं उलटसुलट केली. खाली प्रतिक्रिया आली, 'ओघात होतं असं, लिहीत राहा.'

ओघात होतं. माझा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की लगेच यायचं, 'आधी मराठी शिका.' नाही चुकला की, 'अरे वा, मराठी किती छान!' दोन्ही एकाच हाताच्या थपडा.

मीही 'मला वाटतं' लिहायचे. आणि पुसायचे. त्याजागी 'असं म्हटलं जातं' घालायचे. कोण म्हणतं? कुणीच नाही. मीच म्हणत होते. पण मी म्हणते असं लिहायची हिंमत नव्हती.

थाळनेरचं उदाहरण सांगते. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. फारुकी सुलतानांचा कारभार तिथून चालायचा, त्यांच्या कबरी आहेत तिथे. सौरभ गाडीनं जाऊन आला. लिहिलं, 'आपल्या खान्देशचा विसरलेला वारसा.' लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याच्याआधी मी अब्बांबरोबर एसटीनं जाऊन आले होते, लिहिलंही होतं. माझ्या पोस्टखाली एकानं लिहिलं, 'तुमच्या लोकांचा इतिहास तुम्ही लिहिणारच.' कबरी त्याच. तो लिहितो तेव्हा वारसा. मी लिहिते तेव्हा नातेवाईक. आमच्या घरात माहीत आहेत तेवढ्या सगळ्या पिढ्यांनी सुया ओवल्या. सुलतानांशी आमचा काय संबंध?

त्या दिवशी मी सौरभची पोस्ट पुन्हा पुन्हा उघडून वाचली. एखादं वाक्य तरी माझं उचललेलं सापडावं म्हणून. सापडलं असतं तर बरं झालं असतं. नाही सापडलं. त्यानं चोरलं नव्हतं काही. त्याला गरजच नव्हती.

गल्लीतल्या शांताअक्कांनी एकदा माझा ब्लॉग त्यांच्या सुनेच्या फोनवर पाहिला. मला दारात अडवून अहिराणीत म्हणाल्या, "हाई बठ्ठं तूच लिखेल शे का व माय? मंग नळना पानीवर बी लिख ना!" बस. मराठी कशी काय, अब्बा काय म्हणतात, असलं काही नाही. लिहिता येतं ना, मग पाण्यावर लिही. मी लिहिलं. खाली एक प्रतिक्रिया, 'तुम्ही कशाला यात पडता? आधी तुमच्या समाजातल्या बायकांवर बोला.' त्याच नळाखाली मीही हंडा धरून उभी असते. पण पाण्यावर मत असायला मी आधी कुठूनतरी परवानगी काढायला हवी होती.

तर जळगावचा मेळावा. तो भरवला होता नानांनी. निवृत्त शिक्षक, पांढरी दाढी, खादीचा झब्बा, जळगावात लिहिणाऱ्या पोरांना एकत्र बांधून ठेवणारा माणूस. सगळे त्यांना नानाच म्हणतात. एक दिवस त्यांचा फोन आला. "तू मंचावर बसायचं, बेटा. विषय तुझ्या मनाचा." मी विषय कळवला. भरती परीक्षा. मी स्वतः धुळ्यातल्या अभ्यासिकेत बसते. साक्रीची, शिंदखेड्याची, शिरपूरची पोरं-पोरी तिथे वर्षानुवर्षं पुस्तकात डोकं घालून बसलेली असतात आणि परीक्षा पुढे ढकलली जाते. त्यावर मी भाषण लिहिलं. त्यात 'मला वाटतं' होतं. पुसलं नाही.

अब्बा माझ्याबरोबर आले. दुकान बंद ठेवून. स्वतः शिवलेला आकाशी शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. लेकीच्या नावाची पाटी मंचावर पाहून त्यांनी फोननं तिचा फोटो काढला. माझा नाही, पाटीचा.

सौरभ बोलायला उठला. भरती परीक्षांवर बोलला.

त्यानं आयुष्यात भरतीचा अर्ज भरलेला नाही. पण बोलला छान. आकडे नाहीत, कागद नाही, एक हात खिशात. लोक हसले, गंभीर झाले, पुन्हा हसले. मी माझा कागद मांडीवर घडी करत राहिले. हा माझा विषय आहे, असं ओरडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं, असं एक हात खिशात घालून मला कधी बोलता येईल?

चहाच्या वेळी नाना जवळ आले. अब्बा कप घेऊन माझ्या शेजारीच उभे होते. नानांना ते माझे वडील हे माहीत नव्हतं.

"बेटा, भरतीचं सौरभनं घेतलं बघ. तू आता तुझा अनुभव सांग."

"कसला अनुभव, नाना?"

"अगं, घरातला. तुमच्याकडे मुलींनी लिहायचं म्हणजे... वडिलांचा विरोध झाला असेल, समाजाचा दबाव असेल. लोकांना ते ऐकायचं असतं. मनाला भिडतं ते. मतं काय, मतं हे लोक मांडतीलच."

पाठीवर थोपटून नाना पुढे गेले. नाना वाईट माणूस नाही. मला मंचावर बोलावणारा तो पहिलाच माणूस. म्हणूनच ते वाक्य इतकं साफ ऐकू आलं. मतं हे लोक मांडतील. माझ्याकडून फक्त जखम हवी. ती नसेल तर करून आणावी.

मी अब्बांकडे बघितलं. ज्यांनी मला लिहायला फोन घेऊन दिला ते अब्बा. ज्यांना मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून मी प्रत्येक पोस्ट ज्यांना मोठ्यानं वाचून दाखवते ते अब्बा. शर्टाची बाही नीट करत ते हळूच म्हणाले,

"बोल दे ना, बेटा. बोल दे, अब्बा मना करते थे. तेरा काम होता होगा तो मेरा क्या जाता है?"

खरंच म्हणत होते. रागानं नाही, टोमण्यानं नाही. ग्राहकाला हवं तसं माप थोडं सैल करून द्यावं, तसं. लेकीला खुर्ची मिळत असेल तर बाप खलनायक व्हायला तयार होता. त्या हॉलमध्ये, नवीन शर्टात.

माझ्या आत काहीतरी तुटलं असं मी म्हणणार नाही. तुटलं नाही. घट्ट झालं.

माझी पाळी आली. नाना स्वतः माईक घेऊन उभे राहिले. "प्रश्नानंच सुरुवात करू या. ताई, तुमच्या लेखनाला वडिलांचा विरोध होता का?"

लोक पुढे झुकले. सौरभच्या वेळी कुणी असं झुकलं नव्हतं. अब्बा खाली बघत होते. तयार होऊन.

मी म्हणाले, "माझे वडील इथेच आहेत. तिसऱ्या रांगेत, आकाशी शर्ट. सौरभचे वडीलही आहेत, पहिल्या रांगेत. त्यांना विचारलंत का, नाना? आधी त्यांना विचारा. मग माझ्या वडिलांना विचारा."

डॉक्टरसाहेब खुर्चीत सरळ झाले. कुणीतरी खोकलं. नानांच्या हातातला माईक तसाच राहिला. मी तो घेतला.

"मी भरती परीक्षांवर बोलणार आहे. मला वाटतं..."

कागद दोन्ही हातांनी धरला होता. खिशात हात घालायला माझ्या कुर्त्याला खिसाच नव्हता. मी म्हणाले, मला वाटतं परीक्षा पुढे ढकलणं हा नुसता ढिसाळपणा नाही, ती एक सोय आहे. वाट बघणारा तरुण रस्त्यावर येत नाही. तो रांगेत उभा असतो. आणि रांगेतला माणूस पुढच्याच्या पाठीवर चिडतो, खिडकीवर चिडत नाही.

हे वाक्य मी घरी लिहिलं होतं. तिथे बोलताना ते मलाच लागलं. इतके दिवस मी एका पाठीवर चिडत होते. सौरभच्या. खिडकीत कोण बसलंय, कोण कुणाला आधी आत घेतंय, ते मी बघितलंच नव्हतं. पण ती पाठ निष्पाप आहे असंही नाही. तिला मागे वळून बघावं लागत नाही. कधीच लागलं नाही.

भाषण संपलं. टाळ्या पातळ. मागच्या बाजूनं दोन-तीन मुली जोरात वाजवत होत्या, मग त्याही थांबल्या. नाना माईकवर म्हणाले, "थोडं कोरडं झालं. असो. तरुण आहेत, शिकतील." दारात सौरभ भेटला. "चांगलं बोललीस. पण पर्सनल बोलली असतीस ना, तर क्लिप खूप फिरली असती." तो मदतच करत होता. त्याला अजूनही कळलं नव्हतं.

धुळ्याच्या बसमध्ये अब्बा खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, आतून खूश असतील. पारोळा मागे पडल्यावर म्हणाले, "एक मौका मिला था. मैंने बोला था, बोल दे. अब वो लोग नहीं बुलाएंगे."

त्यांचं बरोबर होतं. नाही बोलावलं. मेळाव्यातल्या तिघांच्या क्लिप नानांनी टाकल्या. माझी नाही. नंतर सौरभचं एका दैनिकात साप्ताहिक सदर सुरू झालं. पहिलाच लेख भरतीवर. मी तो वाचला. तशीच जळले, पूर्वीसारखीच. मला वाटलं होतं, तो प्रसंग झाला की हे जळणं थांबेल. थांबलं नाही. आता मी ते थांबवायलाही जात नाही. ज्यावर माझा हक्क नाही त्यावर मी जळत नाही; जळते ती माझ्या हक्काच्या गोष्टीवर. हे मला कळायला उशीर झाला.

परवा फैजपूरहून एका कार्यक्रमासाठी फोन आला. बोलणारे गृहस्थ आदबीनं म्हणाले, "ताई, विषय असा ठेवलाय, अल्पसंख्याक समाजातील स्त्रीचा संघर्ष. तुमचा स्वतःचा अनुभव."

मी म्हणाले, "मी केळीच्या बाजारभावावर बोलेन. किंवा खान्देशच्या इतिहासावर. विषय मी ठरवेन."

"पण ताई, त्या विषयांना आमचे वक्ते आहेत."

"मग मलाही त्यातच धरा."

"बघतो. कळवतो." कळवलं नाही.

पुन्हा कुठून तरी फोन येईल. त्यांना पुन्हा जखम हवी असेल. मी देणार नाही. माझ्या बापाला मी कुणाच्या टाळ्यांसाठी उभं करणार नाही, वाईट म्हणून नाही आणि चांगला म्हणूनही नाही. मी पाण्यावर लिहीन, निवडणुकीवर लिहीन, शिवकाळावर लिहीन. चुकेन. चुकल्यावर कुणी म्हणालं 'आधी मराठी शिका', तर चूक दुरुस्त करीन आणि पुढची पोस्ट टाकीन. कंटाळवाणं लिहीन, कोरडं लिहीन. सौरभच्या शेजारची खुर्ची मला नको. दयेनं ठेवलेली ती चौथी खुर्ची. तो जिथे बसतो तिथे मला बसायचंय, आणि तिथे बसल्यावर मला कुणीही विचारायचं नाही की मी तिथवर आले कशी.

बोलावू नका. मी लिहितेच आहे.